विसावा भिक्खू कोण?

नाशिकच्या वेशीवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मीचा डोंगर आहे. त्यातल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तिथल्या दहाव्या लेण्याच्या ओवरीत एक जमाखर्च कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं बौद्ध भिक्खूसंघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव होती गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातूनच. दोन हजारांचं वर्षाचं व्याज झालं २४०. त्यातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं. वीस बारा दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो. गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या वाटेवर नांदतं आहे.

त्या विसांपैकी एकाचंही नाव लेखात नाही. देणगी आहे ती चारी दिशांच्या संघाला. जो भिक्खू पावसाआधी चालत येईल, मग तो उज्जैनचा असो, पैठणचा असो की समुद्राकाठच्या सोपाऱ्याचा, त्याला इथे जागा. देणारा उषवदात स्वतः शक, म्हणजे मुळात बाहेरून आलेल्यांपैकी. त्याच डोंगरातलं तिसरं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दिलं, ते मात्र भद्रयानीय या एका निकायाला, म्हणजे पंथाला. एकाच कातळात दोन विचार असे शेजारी-शेजारी कोरलेले आहेत.

वर्षावास तीन महिन्यांचा. बाहेर सह्याद्रीचा पाऊस, आत एक दालन, काही खोल्या, आणि आदल्या आठवड्यापर्यंत ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं असा सोबती. एकोणीस जण आधीच बसलेले असताना विसाव्याला आत घ्यायचं ते कशाच्या भरवशावर? सोबत करण्यासाठी माणसाने आधी काय सिद्ध करायला हवं? धर्मांनी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे, आणि नाशिक जिल्ह्याला तर तो फार जवळून भिडला आहे.

आज हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या बैठकीला पडतो. टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तिथून त्याची सुरुवात धरतात. एक जण गेम मास्टर. तो जग उभं करतो, राजे, राक्षस, खानावळीचे मालक सगळे तोच बोलतो. बाकीचे चार-पाच जण प्रत्येकी एक पात्र घेतात, आणि पात्राने काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. भिंत चढता आली की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक बैठक तीन-चार तासांची, आणि तीच कथा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी जमणाऱ्या अशा गटातून एकाला पुण्याला नोकरी लागते, एक जण लग्न करतो, एक जण शिकायला परदेशी जातो. खुर्ची रिकामी होते आणि शोध सुरू होतो: आपल्याशी जुळणारा कुणी आहे का?

हा करमणुकीतला किरकोळ प्रश्न नव्हे. एरवी फारसा न बोलणारा मुलगा इथे फितूर सेनापती होतो, वडिलांच्या वयाच्या पात्राची क्षमा मागतो आणि मागताना त्याचा आवाज खरोखर कापतो. जो माणूस दुसऱ्यांसमोर इतका उघडा होतो, त्याला समोर कोण बसलं आहे याची काळजी असणारच. म्हणून ‘येईल त्याला घ्या’ हे उत्तर उदार वाटलं तरी पुरत नाही. आणि ‘आपल्यासारखाच हवा’ हे दुसरं उत्तर सोयीचं वाटलं, तरी ते कुठवर नेतं ते नाशिकने पाहिलं आहे.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नव्या भिक्खूला संघात घेण्याची, म्हणजे उपसंपदेची, रीत बारकाईने दिली आहे. उमेदवाराला आधी बाजूला नेऊन आणि मग संघासमोर प्रश्न विचारायचे. काही ठरावीक आजारांपैकी एखादा आहे का? तू मनुष्य आहेस का? कुणाचा दास नाहीस ना? कर्ज नाही ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षं पुरी झाली का? पात्र-चीवर आहे का? तुझं नाव काय, तुझ्या उपाध्यायाचं नाव काय? बस्स. स्वभाव कसा आहे, पटवून घेतोस का, काय आवडतं, असं काहीही त्यात नाही.

या एकेका प्रश्नामागे एकेक घडलेली गोष्ट सांगितली आहे. मगधराजा बिंबिसाराचे सैनिक लढाई टाळून संघात शिरले, म्हणून राजसेवेचा प्रश्न. सावकाराला चुकवून कर्जदार आले, म्हणून कर्जाचा. मगधात रोगराई पसरली तेव्हा जीवक वैद्याचे उपचार मिळावेत म्हणून माणसं चीवर चढवू लागली आणि बरं होताच उतरवू लागली, म्हणून आजाराचा. बुद्धाचा मुलगा राहुल याला दीक्षा दिल्यावर बुद्धाचे वडील शुद्धोदन यांनी दुःखाने विनंती केली, म्हणून आईवडिलांच्या परवानगीचा. एकूण पाहिलं तर संघ विचारत होता ते एवढंच, की तुला आत घेतल्याने बाहेरच्या कुणावर अन्याय होतो का, आणि तू आलास तो याच कामासाठी आलास का.

‘तू मनुष्य आहेस का’ या प्रश्नाची कथा तर भूमिका घेऊन खेळणाऱ्यांनी आवर्जून वाचावी अशी आहे. एका नागाला आपल्या योनीचा वीट आला. त्याने तरुणाचं रूप घेतलं, रीतसर उपसंपदा मिळवली आणि तो एका भिक्खूच्या सोबतीने राहू लागला. पहाटे सोबती फेऱ्या घालायला बाहेर गेला, आणि निर्धास्त झोपलेल्या नागाचं खरं रूप खोलीभर पसरलं. वेटोळी खिडकीतून बाहेर आली. परत आलेला भिक्खू किंचाळला. बुद्धाने नागाला सांगितलं की या विनयात तुझी वाढ होणार नाही, उपोसथाचं व्रत पाळ, लवकर मनुष्यजन्म मिळेल. नाग रडत निघून गेला. ही कथा मनाला लागते, कारण विनयातला हा एक नकार निव्वळ जन्मावरून दिलेला आहे. रोग्यांना आणि दासांना दिलेला नकारही आज सहज पचणारा नाही. पळून आलेल्या दासाला संघाने तरी दार उघडायला हवं होतं असंच वाटतं. परंपरेचा आदर करताना ही बोच लपवू नये.

प्रश्न संपले की ठराव मांडायचा. मग तीन वेळा घोषणा करायची: ज्यांना मान्य असेल त्यांनी गप्प राहावं, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावं. तिसऱ्या घोषणेनंतरही कुणी बोललं नाही, तर उमेदवार संघाचा झाला. विनयातली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. इथे मौन म्हणजे होकार. नकार द्यायचा असेल तर चारचौघांत, आपल्या तोंडाने, उमेदवाराच्या देखत द्यावा लागतो. आजच्या खेळाच्या गटांत नेमकं उलट होतं. नवा माणूस एकदा येऊन खेळून जातो, पुढच्या रविवारी त्याला निरोपच जात नाही. तो मेसेज करतो, उत्तर येत नाही, आणि काय चुकलं हे त्याला कधीच कळत नाही. मौनाने दिलेल्या नकाराची जबाबदारी कुणावरच येत नाही, म्हणून तो इतका सोपा असतो आणि इतका क्रूरही.

उपसंपदेला किमान दहा भिक्खू हजर लागत. अवंती-दक्षिणापथात सोण कुटिकण्णाला हे दहा जमायला तीन वर्षं थांबावं लागलं. त्याचे गुरू महाकच्चायन यांनी ही अडचण त्याच्याकरवी बुद्धापर्यंत पोचवली, आणि सीमेवरच्या प्रदेशांसाठी दहाच्या जागी पाच, त्यात एक विनय जाणणारा, अशी सूट मिळाली. माणसं मिळत नाहीत ही गावोगावची तक्रार इतकी जुनी आहे. सूट मिळाली ती संख्येत; उमेदवाराला विचारायचे प्रश्न तेच राहिले. लहान शहरातल्या गटाने हे ध्यानात घ्यावं. पाचांच्या जागी तिघांनी खेळावं, पण खुर्ची भरायची म्हणून कुणालाही ओढून आणू नये.

आता नाशिकचं काळाराम मंदिर, जिथे ‘आपल्यासारखाच हवा’ हे उत्तर दारातच उभं होतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे हे त्यातले आघाडीचे लोक. दारं बंद होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. ९ एप्रिलला, रामाच्या रथाच्या दिवशी, दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला होता. ऐन वेळी सवर्णांनी रथ पळवला, दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. लढा पुढे कित्येक वर्षं चालला. दार उघडलं नाही.

दार बंद ठेवणाऱ्यांचंही आपसांत जमलेलंच होतं, हे विसरता येत नाही. विनयातला संघ आपसांतल्या संमतीने निर्णय करी, आणि काळारामाचं दारही आतल्यांच्या संमतीनेच बंद राहिलं. तेव्हा ‘आमच्या गटात सगळ्यांना मान्य असेल त्यालाच घेऊ’ एवढ्याने न्याय होत नाही. खरा फरक दारात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे. कर्ज फेडता येतं, चाकरी सोडता येते, आईवडिलांची समजूत घालता येते, वीस वर्षं पुरी होईपर्यंत थांबता येतं. जन्म बदलता येत नाही. ज्या अटी उमेदवाराला स्वतःच्या निश्चयाने पुऱ्या करता येतात त्या घालण्याचा हक्क प्रत्येक मंडळाला आहे. ज्या पुऱ्या करणं त्याच्या हातातच नाही त्या घालणं म्हणजे अट नव्हे, हाकलणं. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी बुद्धाला विनंती केली की उपाली न्हाव्याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा मोडेल. आधी आला तो थोर, हा हिशेब जातीच्या हिशेबाला छेद देणारा होता.

वारकऱ्यांच्या दारातली अट म्हणजे तुळशीची माळ. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघते, नाशिक, सिन्नर, अहिल्यानगर ओलांडत आषाढी एकादशीसाठी पंढरपुरी पोचते. तिच्यासोबतच्या दिंडीत नवा माणूस येतो तो कुणा नातेवाइकाचं किंवा गाववाल्याचं बोट धरून. भिशीचे पैसे भरतो, मुक्कामाच्या कामाला हात लावतो, चालीला टाळ धरतो. पुढेमागे माळ घालतो, म्हणजे मांसाहार आणि दारू सोडतो, एकादशी धरतो, वारी चुकवत नाही. विणेकऱ्याची वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देताना-घेताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वयाने, मानाने कोण मोठा हे त्या क्षणी पाहत नाहीत.

तरीही दिंडीतलं सगळंच काही ओवाळून टाकावं असं नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनी पाहिलं की एका दिंडीत अभंग एकत्र म्हटले जात, पण ब्राह्मण आणि मराठा बायका जेवत वेगवेगळ्या. ते त्यांना फार टोचलं आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. आणि ज्या पंढरपुराकडे सगळे चालत होते, तिथल्या विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण करावं लागलं. माळेची अट कुणालाही पुरी करता येण्यासारखी. तिच्या आड जन्माची अट मात्र बराच काळ टिकून राहिली.

खेळाच्या टेबलावर जात कुणी विचारत नाही. ‘व्हाइब जुळत नाही’ एवढंच म्हणतात. पण काय जुळत नाही हे खोलात जाऊन पाहिलं की बऱ्याचदा निघतं ते असं: तो इंग्रजीत अडखळतो, त्याने त्या परदेशी मालिका पाहिलेल्या नाहीत, तो सिडकोतून किंवा सातपूरहून बस बदलून येतो आणि शेवटच्या बससाठी लवकर उठतो, त्याच्याकडे महागडी नियमपुस्तकं नाहीत. मुलगी असेल तर तिला ‘सांभाळून घ्यावं लागेल’. यातलं एकही खेळण्याच्या लायकीशी संबंधित नाही. आवडीनिवडी आकाशातून पडत नाहीत. घर, शाळा, भाषा, पैसा यांतूनच घडतात. म्हणून निव्वळ आवडीवर निवडलेला गट नकळत एकाच गल्लीचा होऊन बसतो. हे करणारी माणसं वाईट असतात असं मुळीच नाही. त्यांनी आपल्या अटी कधी उच्चारून पाहिलेल्या नसतात, इतकंच.

मग दारच नको, असं म्हणावं का? काळारामाच्या बंद दारासमोर उभा राहिलेला माणूस तसं म्हणू शकला असता. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथात त्यांनी एक अनपेक्षित मुद्दा मांडला आहे. भिक्खू होण्यासाठी विधी होता, पण सामान्य उपासकाला धम्मात घेण्याचा वेगळा विधी नव्हता. ही मोठीच उणीव होती आणि भारतातून बौद्ध धर्म लोपण्याच्या कारणांपैकी ती एक होती. उंबरठाच नसल्यामुळे माणसं सहज आत-बाहेर करत राहिली. म्हणून नागपूरला त्यांनी लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रत्येकाने आपल्या तोंडाने उच्चारायच्या होत्या. कूळ विचारलं गेलं नाही, वाचता येतं का हेही नाही. ज्याला दाराने सर्वांत जास्त छळलं, त्यानेच दार पुन्हा बांधलं. फक्त ते असं बांधलं की आत येण्याची किल्ली येणाऱ्याच्या हाती राहील.

भूमिकांच्या खेळानेही स्वतःच्या अनुभवातून काहीसं असंच शोधून काढलं आहे. कथा सुरू करण्याआधी एक बैठक घेतात, तिला सेशन झिरो म्हणतात. कुणाला लढाया हव्यात, कुणाला कारस्थानं, किती वाजता थांबायचं, लहान मुलांवरचे अत्याचार कथेत नकोत, गैरहजर राहायचं तर कधी कळवायचं, हे सगळं मोकळेपणी बोलून ठरवतात. आणि जॉन स्टाव्ह्रोपोलोस या अमेरिकन खेळाडूने सुचवलेली एक साधी युक्ती: टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड. प्रसंग सहन होईनासा झाला की कुणीही त्या कार्डाला बोट लावायचं. कथा लगेच तिथून पुढे जाते. कारण विचारायचं नाही. जुना-नवा, बोलका-अबोल, सगळ्यांचं बोट सारखं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढा अधिकार देणारी मंडळं जगात फार नाहीत.

एवढं सगळं करूनही एखाद्याशी जमत नाही, तेव्हा काय? इथे विनयपिटक काही लपवत नाही. कोसंबीत रीतसर उपसंपदा घेतलेल्या, सगळ्या अटी पुऱ्या केलेल्या भिक्खूंचं भांडण झालं, ते नंतरच्या टीकाग्रंथांनुसार शौचकूपाजवळच्या भांड्यात पाणी उरवून ठेवण्यावरून. दोन तट पडले. बुद्धाने समजावलं, ते ऐकेनात, तेव्हा तो एकटाच निघून गेला. वाटेत त्याला अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एकत्र राहताना भेटले. तुमचं कसं काय जमतं, असं त्याने विचारलं. अनुरुद्धाने सांगितलं ते असं: भिक्षेहून जो आधी परततो तो आसनं मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेलं खातो, भांडी उचलतो, जागा झाडतो. घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. मी माझं मन बाजूला ठेवून यांच्या मनाप्रमाणे वागतो, आणि हेही तसंच वागतात. आणि दर पाचव्या रात्री तिघे धम्मावर बोलत रात्रभर बसतात.

तिघांचे स्वभाव सारखे होते असं अनुरुद्ध कुठेच म्हणत नाही. जमणं त्यांना मिळालं नव्हतं, ते रोजच्या झाडलोटीतून झालं होतं. म्हणून रिकाम्या खुर्चीपुढे बसलेल्या गटाने माणसाची परीक्षा घेण्यात शक्ती घालवण्यापेक्षा आपल्या अटी एका कागदावर मराठीत लिहून काढाव्यात आणि त्यातली कुठली अट पुरी करणं येणाऱ्याच्या हातात नाही ते आपणच तपासावं. नव्याला लांबलचक कॅम्पेनमध्ये न ढकलता एका बैठकीत संपणारी गोष्ट, वन-शॉट, आधी खेळावी. नाही म्हणायचं तर दोन दिवसांत, कारण सांगून, फोन करून म्हणावं. आणि हो म्हटलं तर पहिल्याच रविवारी त्याला त्या काल्पनिक जगातला एक मुलूख बांधायला द्यावा: त्या मुलखातली नदी कुठे उगम पावते, तिथे कर कोण वसूल करतं, कुठल्या देवाची जत्रा भरते, हे सगळं तो सांगेल. जुने खेळाडू त्या मुलखात पाऊल ठेवतील तेव्हा वाट त्यालाच विचारतील.